माझ्या कुशीवरचा टवका

मित्रांनो, माझ्या उजव्या कुशीवर एक टवका उडालेला आहे. मला हातोड्याने मारल्याची ती खूण. मारणारा माणूस आजही माझाच दांडा धरून गाडी चालवतो, आणि माझा त्याच्यावर मुळीच राग नाही! असं कसं झालं, तेच सांगायला बसलो आहे.

मी एका जीपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. इंजिनकडून ताकद घ्यायची आणि चाकांना कधी किती द्यायची ते ठरवायचं, हे माझं काम. माझा जन्म आगीतला. वितळलेला धातू साच्यात ओतून माझं अंग घडवलं. कारखान्यात मला पहिल्यांदा फिरवलं, तेव्हा तपासणारा म्हणाला, "अगदी लोण्यासारखा चालतोय!" आयुष्यातली ती पहिली शाबासकी. त्या वेळी वाटलं होतं, आपलं सगळं आयुष्य लोण्यासारखंच जाणार. कुठलं काय!

जीपचा मालक दादा. रस्ता जिथे संपतो, तिथून त्याची हौस सुरू व्हायची. त्याची धाकटी बहीण घरामागच्या गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायची. वेल्डिंगमध्ये तिचा हात कुणी धरू शकत नसे, आणि स्वभावही असा की लागलीच पेट घ्यायची. म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणत.

दादाला एक वाईट खोड होती. चाक चिखलात रुतलं की तो माझा दांडा मागे टाकायचा. जीप मागे उसळली की ती थांबायच्या आतच पुढे. लगेच पुन्हा मागे. पुन्हा पुढे! तुम्ही जीव खाऊन पळत असताना कुणी मानगूट धरून तुम्हाला उलटं भिरकावलं तर? तसं व्हायचं मला. माझ्या पोटात एकावर एक रचलेल्या तबकड्या असतात. त्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात, म्हणून चाकं फिरतात. दर हिसक्याला तबकड्यांची कातडी सोलून निघायची. माझं तेल जळून काळं पडलं.

ठिणगी वास घेऊन म्हणायची, "दादा, गाडी आधी थांबू दे, मग गिअर टाक. मारशील त्याला एक दिवस."

"लोखंड आहे ते. मरतंय कसलं!" दादा हसायचा.

आणि तो दिवस आलाच. गावाबाहेर एक काळा कातळ आहे, उभाच्या उभा. दरवर्षी तिथे जीप चढवायची स्पर्धा होते. दादा अर्ध्यावर पोचला आणि माझ्या जळालेल्या तबकड्या सुटल्या. इंजिन गर्जत होतं, पण चाकांपर्यंत काहीच पोचत नव्हतं. जीप मागे घसरायला लागली. घाबरून दादाने दांडा मागे ओढला, पुढे ढकलला. माझ्या पोटात काहीतरी कडाडून मोडलं. जीप आडवी झाली आणि मग कोलांटी, काचा, पुन्हा कोलांटी. खालच्या खडकावर आदळून आम्ही थांबलो, तेव्हा दादाचा हात कोपरापासून भलतीकडेच वळलेला होता आणि माझं गरम तेल दगडावरून ओघळत होतं, रक्तासारखं.

प्लास्टर उतरलं त्याच दिवशी दादा गॅरेजमध्ये आला. मला जीपमधून काढून जमिनीवर टाकलेलं. त्याने हातोडा उचलला. "तू दगा दिलास मला!" म्हणत त्याने घाव घातला. टवका उडाला. दुसरा घाव पडायच्या आत ठिणगीने त्याचा हात धरला.

"दगा त्याने दिला की तू त्याला?"

दादा हातोडा तिथेच टाकून निघून गेला.

मग मी कोपऱ्यात पडून राहिलो. माझ्यावर जुने टायर चढले. आई, म्हणजे या दोघांची आई, येता-जाता मला ठेचकाळायची आणि म्हणायची, "हे धूड भंगारात तरी द्या, नाहीतर याला जेवायला तरी वाढा!"

पण ठिणगीने मला भंगारात जाऊ दिलं नाही. तिने मला उचलून टेबलावर घेतलं आणि माझा एकेक अवयव सुटा केला. मोडलेलं सगळं फेकलं. नव्या, पातळ तबकड्या आणल्या, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त बसतात आणि पकड वाढते. त्या आधी तेलात भिजत घातल्या, कारण कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीला जळतात. आतल्या तेलाच्या वाटा रुंद केल्या. तेल थंड करणारी मोठी जाळी लावली. पोटातून ताकद वाहून नेणारा मधला कणा जाडजूड घेतला. मित्रांनो, मी पूर्वी लोणी होतो, आता पहिलवान झालो!

तेव्हा दादा आला. स्पर्धा तोंडावर आली होती. "बसवायला मी मदत करतो. कातळावर यंदा मीच चढणार."

आता नीट ऐका. माझ्या तोंडात भोपळ्याएवढा, तेलाने भरलेला एक गोल डबा बसतो; इंजिनची ताकद त्याच्यातूनच माझ्यापर्यंत पोचते. तो हलकेच फिरवत फिरवत आत सरकवायचा. प्रत्येक पायरीला तो 'खट्' करतो. शेवटची खट् झाली, तरच तो पुरता बसला. ठिणगीने तो बरोबर बसवला होता. पण मला जॅकवर घेताना दादाचा धक्का लागला, मी पुढे कललो आणि डबा एक पायरी बाहेर सरकला. मला इंजिनला टेकवलं, तर मध्ये बोटभर फट राहिली.

"थांब!" जीपखालून ठिणगी ओरडली. "फट दिसतेय. बोल्ट आवळू नकोस. नुसत्या हाताने ढकलून टेकायला हवं ते."

"अगं, बोल्ट ओढून घेतील की! शोभेला असतात का ते?" दादाने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं वजन टाकलं.

कडाड!

माझं काळीज फुटलं. तेल फिरवणारा पंप, अगदी नवा कोरा, डब्याच्या दाबाने दुभंगला.

ठिणगी जीपखालून बाहेर आली. तिने पाना भिरकावला, खिडकीची काच खळ्ळकन फुटली. मग ती दादावर धावली. त्याने तिची वेणी धरली, तिने त्याच्या दंडाला चावा घेतला. दोघं तेलात घसरून पडली, आणि पडल्या पडल्याही हाणामारी चालूच! शेवटी आईने बादलीभर पाणी दोघांवर ओतलं.

"एकमेकांचे मुडदे पाडायचे असतील तर बाहेर जा. फरशी मी पुसायची का?"

निथळत बसलेल्या दादाने फुटलेला पंप हातात घेतला. दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. "हे मी केलं," तो हळूच म्हणाला. "आणि कातळावरही मीच केलं."

"कळलं ना? मग आता चालवणार मी," ठिणगी म्हणाली. "तू शेजारी बसायचं. हात मांडीखाली घालून."

नवा पंप आला. या वेळी डबा दादाने फिरवला, कान लावून. शेवटची खट् ऐकल्यावरच तो उठला.

स्पर्धेच्या दिवशी काळा कातळ पुन्हा समोर होता. जीप वर चढू लागली. दगड चाकांखालून गोळ्यांसारखे सुटत होते, खालचा पत्रा फाटत होता, दरवाजा खडकावर घासून किंचाळत होता. आणि जिथे मी गेल्या वेळी मेलो होतो, तिथेच चाकं निसटली! आम्ही मागे घसरलो. दादाचा हात सवयीने दांड्याकडे झेपावला.

"हात मागे!" ठिणगी ओरडली आणि तिने ब्रेकवर पाय रोवला. जीप लटकली, डगमगली, आणि थांबली. पूर्ण थांबली. तेव्हाच तिने मला पहिल्या गिअरमध्ये टाकलं. माझ्या सगळ्या तबकड्यांनी एकमेकींना मिठी मारली. मी ओढलं, मित्रांनो, जीव ओतून ओढलं! आणि पुढच्या क्षणी समोर खडक नव्हता, नुसतं आभाळ होतं.

कातळावरून खाली उतरताना चालवायची पाळी दादाची होती. वर जागा अरुंद, मागे-पुढे करत वळवावी लागणार होती. त्याने जीप मागे घेतली. ब्रेक दाबला. दांड्यावर हात ठेवला. आणि वाट पाहिली, जीप अगदी स्तब्ध होईपर्यंत. मगच मला हलकेच पुढे टाकलं. ठिणगी खिडकीबाहेर बघत हसली.

म्हणून माझं एवढं ऐका, मित्रांनो. यंत्र असो की माणूस, दिशा बदलायला सांगण्याआधी त्याला क्षणभर थांबू द्या. आणि जे अडतंय ते ताकदीने आवळू नका. का अडतंय ते आधी बघा.

घरी आल्यावर ठिणगी माझा टवका भरून काढायला बसली. दादाने तिचा हात अडवला.

"राहू दे तो," तो म्हणाला. "मला दिसायला हवा."