कागद आधी, तोंड नंतर

धाकटे दीर जिना चढून वर आले तेव्हाच थोरलीने ओळखलं, की पाणी गळ्याशी आलंय. एरवी समोरासमोर आले तरी मान फिरवणारा माणूस.

"वहिनी, तुमचा काळा मला शिकवा. भागीदारीत करू."

"अर्धा चोरताना नाही विचारलंत, भाऊजी! उरलेल्यालाच बरी परवानगी लागली."

अर्धा म्हणजे मसाला. शिवणाच्या दोऱ्याला काळा रंग चढवायचा तिचा मसाला. घरातल्या घरात कसला कागद, म्हणून तिने तो दिरांना जेवता जेवता सांगितला होता. ताटावरचा हात वाळायच्या आत त्यांनी रस्त्यापलीकडे रंगखाना थाटला, गिऱ्हाइकं फोडली. तिच्या नवऱ्याने अंथरूण धरलं, ते पुन्हा सोडलंच नाही.

पण मसाला चढवायची रीत तिने सांगितली नव्हती, म्हणून दिरांचा काळा उन्हात हिरवा पडायचा. थोरलीला धास्ती एकच. रोज नवी खटपट करणारा हा माणूस उद्या चुकूनमाकून नेमक्या जागी पोचला, तर तिच्या दुकानाला कुलूप.

सून वकील. तिने सासूला बजावलं होतं, "सांगून झाल्यावरची सही म्हणजे वरातीमागून घोडं, आई. कागद आधी, तोंड नंतर."

आता तिने तो कागद पुढे सरकवला. "काका, नीट वाचा, हवं तर तुमच्या वकिलाला दाखवा. भागीदारी करायची की नाही, हे ठरवण्यापुरतंच ऐकायचं. नाही जमली, तर ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही, स्वतःही वापरायचं नाही. आधीपासून काही ठाऊक असेल, करून बघत असाल, ते इथे लिहा."

"ठाऊक असतं तर तुझ्या सासूच्या पायऱ्या झिजवल्या असत्या?" दिरांनी 'काही नाही' असं खरडलं आणि सही ठोकली. "बोला, वहिनी."

"सूत कढईतून गरम काढायचं नाही. त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं. संपलं."

"एवढंच?" दीर मांडीवर थाप मारून हसले. "अहो, चार दिवसांत माझं मलाच सुचलं असतं!"

"म्हणून तर आजच सांगितलं."

हसू ओठांवरच वाळलं.

थोरलीने सावकाश चष्मा पुसला. "भागीदारीचा विचार केला, भाऊजी. नाही जमायचं."

"मग मी म्हणेन, माझं मी शोधलं!"

"'काही नाही' हे तुमच्याच हातचं अक्षर आहे, काका," सून म्हणाली.

"इतके दिवस ठाऊक नव्हतं म्हणून चुकत होतात," थोरली म्हणाली. "आता ठाऊक असून चुका. जिना उतरताना जपून हं."

दुसऱ्या दिवशी समोरच्या रंगखान्यात वाफाळतं सूत पुन्हा कढईतून गरमच, काठीवर निथळत बाहेर निघालं. दीर हात बांधून नुसते बघत उभे होते. थोरलीने खुर्ची खिडकीशी ओढली.

"सूनबाई, आज चहा इथेच घेऊ गं."