अकराशे चाळीस खोकी

वरून सुतळीला बांधलेला डबा हेलकावत खाली आला. काकूंनी हात वर केला, पण त्यांच्या हाताआधी तीन फोन वर गेले होते.

"सरका जरा."

दुकानासमोर उभे असलेले चौघे पाहुणे सरकले नाहीत. उलट थोडे वाकले, म्हणजे फोटोत काकूंचा हातही यावा. डब्यात करड्या कापडाची चिंधी होती. वरच्या मजल्यावरच्या शिंपी मास्तरांचे गुडघे जिन्याला नको म्हणत, म्हणून ते खिडकीतून डबा सोडायचे. चिंधीला जुळतील ती बटणं काकूंनी टाकायची आणि सुतळीला दोन हिसके द्यायचे. काकूंनी चिंधी दोन बोटांत चोळली, मागे न बघता भिंतीतलं एक खोकं ओढलं, सहा बटणं डब्यात टाकली. दोन हिसके. डबा वर गेला.

"अय्या, किती गोड!" पाहुण्यांतली एक म्हणाली. "मावशी, पुन्हा एकदा सोडायला सांगा ना त्यांना. माझा नीट नाही आला."

"त्यांना सहाच हवी होती."

"नाही हो, नुसतंच. रिकामा."

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "घरी बादली असेल ना तुमच्या? गच्चीवरून सोडा आणि काढा हवे तितके."

ती खळखळून हसली आणि तोही फोटो काढून घेतला. अलीकडे हे असंच चाललं होतं. काकू चिडून बोलल्या तरी लोकांना तो दुकानातलाच एक नग वाटायचा.

हे सगळं त्या यादीपासून सुरू झालं. शहरात फिरायला येणाऱ्यांनी चुकवू नयेत अशा बारा दुकानांची यादी कुणीतरी काढली होती. सहावं टोप्यांचं, आठवं साबणाचं आणि सातवं हे. 'आत शिरा, भिंतीसमोर उभे राहा,' असं त्यात लिहिलं होतं म्हणे. बटण विकत घ्या, असं कुठेही लिहिलं नव्हतं.

भिंत होती मात्र बघण्यासारखी. जमिनीपासून छतापर्यंत पुठ्ठ्याची अकराशे चाळीस खोकी. प्रत्येकाच्या तोंडाशी आतल्या मालातलं एक बटण शिवलेलं, म्हणजे शोधायला चिठ्ठी नको की पाटी नको. पहिली दीडेकशे खोकी सासऱ्यांनी केलेली. बाकीची काकूंनी, चाळीस वर्षांत, एकेक करून. त्या भिंतीसमोर रोज माणसं तोंड वेंगाडून उभी राहत, आणि खरं गिऱ्हाईक, तुटलेलं बटण मुठीत घट्ट धरून आलेलं, गर्दी बघून कोपऱ्यावरूनच परत फिरे. काकूंना ते दिसे. हाक मारेपर्यंत ते गेलेलं असे.

दुपारी भाऊजी आले. काकूंचे धाकटे दीर. अंगात तपकिरी कोट, बरोबर एक गुळगुळीत गृहस्थ.

"वहिनी, हे यादीवाले साहेब. यांच्यामुळेच आपलं नाव झालं बरं का."

यादीवाल्यानं नमस्कार केला, खिशातून मापाची पट्टी काढली आणि भिंतीला लावली.

"माप कशाचं घेताय?" काकूंनी विचारलं.

"बसा ना वहिनी."

"उभीच बरी आहे. माप कशाचं?"

भाऊजींनी कॉलरमध्ये बोट घालून फिरवलं. लहानपणापासूनची खोड. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा हे नऊ वर्षांचे होते आणि वर्गात बसून कॉलरचं बटण चावून चावून तोडत. रोज सकाळी दप्तर पाठीला लावून, हनुवटी वर करून वहिनीपुढे उभे. टाके घालता घालता काकू दटावायच्या, "हलू नकोस, टोचेल."

"इथं कॉफीचं दुकान करायचं ठरलंय," भाऊजी म्हणाले. "पंधरा दिवसांत. भिंतीला धक्का नाही हं लावायचा. भिंतीसाठीच तर सगळं. आता लोक येतात, दोन मिनिटं बघतात, जातात. तेच बसतील. चार टेबलं, मागं ही भिंत."

"आणि मी?"

"तुम्ही तर हव्यातच! तुमची खुर्ची इथंच. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. काम असं काही नाही. मधूनच एखादं खोकं काढायचं, परत ठेवायचं."

"चष्मा हाच असू द्या," यादीवाला पट्टी गुंडाळत म्हणाला. "लोकांना खरं माणूस आवडतं."

"आणि कुणाला बटणच हवं असलं तर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांच्या मापात नव्हता.

"ठरलंय म्हणजे ठरवलं कुणी?"

"वहिनी, दुकान बाबांनी माझ्या नावावर..."

"ठाऊक आहे. त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझीच आहे."

"मग चिडता कशाला? दादा गेल्यावर मी कधी एका शब्दानं विचारलं का तुम्हाला, की दुकानात काय करता, काय नाही? आणि आताही बाहेर कुठं काढतोय? उलट मान वाढतोय तुमचा."

"माझ्या डोक्यावर मिरे वाटायचे आणि वर म्हणायचं मान वाढतोय." काकूंनी काउंटरवरची कात्री उचलली, पुन्हा ठेवली. "मालाचं काय?"

"माल सगळा तुमचा! मला काय करायचीत बटणं? एकूण एक घेऊन जा. विका, वाटा, काहीही करा. फक्त खोकी हलवायची नाहीत."

"एकूण एक?"

"एकूण एक. साहेबांसमोर शब्द देतो."

काकूंनी मान डोलावली. भाऊजींना ते समजूतदारपणाचं लक्षण वाटलं असावं. जाताना ते दारात वळून म्हणाले, "बघा, पटलं ना?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. खालून फोनवाल्यांचे बूट दिसत, येत, थांबत, जात. आधी काकूंनी खोक्यांच्या आतला माल पिशव्यांत भरला. शिंपल्याची वेगळी, लाकडी वेगळी, पितळी, कातडी, काचेची, प्रत्येक पिशवीला गाठ. मग शिडी लावली आणि नखं कापायची छोटी कात्री घेऊन सगळ्यात वरच्या रांगेपासून सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी शटरखालून मास्तर वाकून आत आले. काकूंनी त्यांना जिना उतरलेलं वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"सकाळपासून डबा लोंबतोय माझा. म्हटलं, काकू आहेत की..." त्यांची नजर भिंतीवर गेली. अर्ध्याहून अधिक भिंत बोडकी झाली होती. "अहो, हे काय?"

"माल काढतेय."

"आतला काढा की."

"आतला झाला. हा बाहेरचा."

मास्तर शिडीच्या खालच्या पायरीवर बसले आणि गुडघा चोळू लागले. काकूंची कात्री चालूच होती. दोन टाके तोडायचे, बटण ओंजळीत घ्यायचं, दोऱ्याचं टोक चिमटीत ओढून काढायचं. कुठलं कधी शिवलं हे काकूंना आठवायचं नव्हतं, तरी आठवत होतं. हे निळं, नवरा फिरतीवर गेला होता तेव्हाचं. हे काळं, तो गेला त्या महिन्यातलं.

"रागानं अंगठा सोलून घ्याल," मास्तर म्हणाले.

"सोलला आहे."

"माझ्याकडे आतली भिंत रिकामी आहे. पण लोकांना जिना चढावा लागेल."

"ज्याला बटण हवं असतं तो चढतो. फोटोवाले नाही चढत."

"मग डब्याचं काय होणार?"

"काय व्हायचंय? दोन हात लांब बसेन मी. हाक मारा."

मास्तरांना ते फारसं रुचलं नाही, पण त्यांनी दोन पिशव्या उचलल्या आणि एकेक पायरी मोजत वर नेल्या.

शेवटी राहिली जमिनीलगतची रांग. तिथं एक खोकं नऊ वर्षांच्या मुलाचा हात सहज पोचेल इतकं खाली होतं. साधी पांढरी, चार भोकांची, शाळेच्या सदऱ्याची बटणं. तो मुलगा स्वतःच धावत जाऊन एक काढून आणायचा आणि वहिनीच्या हातात द्यायचा. काकू त्या खोक्यासमोर उकिडव्या बसल्या. कात्री थोडा वेळ हातात तशीच राहिली. मग त्यांनी त्याच्यावरचं बटणही कापलं.

ठरल्या सकाळी भाऊजींनी शटर सर्रकन वर केलं आणि तिथेच थांबले. मागे यादीवाला होता, त्याच्यामागे दोन सुतार.

भिंत जागेवर होती. खोकं एकही हललेलं नव्हतं. पण उन्हानं पुठ्ठा इतक्या वर्षांत फिकटला होता आणि जिथं बटण होतं तेवढाच गोल गडद राहिला होता. अकराशे चाळीस गडद गोल, प्रत्येकात सुईची बारीक भोकं. सगळी भिंत डोळे उघडे ठेवून बघत असल्यासारखी.

"हे काय केलंत तुम्ही?" भाऊजींचा आवाज चिरकला.

"एकूण एक म्हणालात."

"अहो, म्हणून काय... भिंतीची वाट लावलीत! साहेब, मी खरंच सांगतो, मला यातलं काही..."

यादीवाला एकेक पाऊल मागे जात रस्त्यापर्यंत पोचला होता. त्यानं फोन उचलला, एक डोळा बारीक केला.

"कमाल आहे," तो म्हणाला. "हे तर आधीपेक्षा छान दिसतंय. रिकाम्या जागा! लोक वेडे होतील." आणि काकूंकडे वळून, अगदी आदबीनं, "यामागं काही गोष्ट आहे का? सांगा ना. खाली लिहिता येईल."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस. अंगठ्याचं सालडं निघालं होतं, मान आखडली होती, आणि हा उभा राहून फोटो काढत होता.

भाऊजींचा चेहरा क्षणात उजळला. "बघा! मी म्हटलं नव्हतं? वहिनींच्या हातात कलाच आहे." ते हसत पुढे आले, एक हात पोटावर कोट सावरत. मधलं बटण. गेल्या महिन्यात कोट दुकानात टाकून गेले होते आणि काकूंनी वरून नववी रांग शोधून रंगाशी रंग जुळवून लावून दिलं होतं.

काकू त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हात काढ."

भाऊजींनी हात काढला. आणि काय होतंय हे कळायच्या आत, आपोआप, हनुवटी वर केली.

कात्रीचा आवाज झाला. कोट उघडला. काकूंनी बटण मुठीत घेतलं.

"एकूण एक," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

वर मास्तर कापडावर खडूनं रेघ ओढत होते. खाली भोकं पाडायचं यंत्र सुरू झालं तशी फरशी थरथरू लागली आणि रेघ वाकडी झाली. मास्तरांनी एक शिवी तोंडातल्या तोंडात गिळली.

काकूंनी सदऱ्यांच्या घडीत घालायच्या पुठ्ठ्याचं नवं खोकं घडी पाडून तयार केलं. मूठ उघडली. तपकिरी बटण खोक्याच्या तोंडाशी शिवलं, दोरा दातानं तोडला आणि खोकं खालच्या फळीवर, जिन्यावरून येणाऱ्याला आधी दिसेल असं ठेवलं.

"आत काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही."

"मग खोकं कशाला अडवलंत?"

"उघड्या कोटानं किती दिवस हिंडतील?" काकूंचा आवाज अजून तापलेलाच होता. "यावं लागेल जिना चढून."

"आणि आले म्हणजे?"

"रांग आहे म्हणावं. थांबा."

जिन्यावर अजून कुणीच नव्हतं. काकूंनी सुईत तपकिरी दोरा ओवला, टोकाला गाठ मारली आणि सुई उशीत खुपसून ठेवली.