दुपारचं बंद दार

मुकुटबनात दिवसाढवळ्या कोणी दार लावून घेत नाही. लावलंच तर घरात भांडण, नाहीतर त्याहून वाईट काही, असं सारी गल्ली धरून चालते. आणि त्या दुपारी मथुराबाईनं तर दाराला बाहेरून कडीच घातली होती.

आत रुपालीची परीक्षा सुरू होती. फिनलंडच्या विद्यापीठात नर्सिंगला जागा मिळवायची, ती लॅपटॉपवर परीक्षा देऊन. लॅपटॉपचा कॅमेरा पोरीवर सारखा डोळा ठेवून. खोलीत दुसरं माणूस दिसलं, दुसऱ्याचा आवाज आला, की परीक्षा रद्द आणि वर्ष पाण्यात. घर मेलं एका खोलीचं, वर टिनपत्रे. बाहेर कोणी शिंकलं तरी आत ऐकू जाणार. म्हणून मथुराबाईनं कोंबड्या जावेकडे धाडल्या, नवऱ्याला वावरात पाठवलं आणि स्वतः उंबऱ्यावर तोंड शिवून बसली. आधीच बोभाटा नको म्हणून शेजारीपाजारी मात्र कोणालाच सांगितलं नाही. तिथंच चुकलं.

नेमकी विमलताई आली. समोरच्या रामरावांची बायको, गल्लीतला सगळ्यात मोठा गळा. मथुराबाईनं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं. विमलताईनं ते बोट पाहिलं, कडी पाहिली, मथुराबाईचे भरलेले डोळे पाहिले, आणि तिचा चेहराच उतरला. पोरीनं काही करून घेतलं! रुपालीच्या नावानं हंबरडा फोडायला तिनं तोंड उघडलं, तोच मथुराबाईनं झेप घेऊन ते गच्च दाबलं.

ज्या बाईनं आजवर या घरचा चहा कधी तोंडाला लावला नाही, तिच्या तोंडावर मथुराबाईचा हात. विमलताई झटापट करू लागली, बांगड्या वाजल्या. मथुराबाईनं दुसऱ्या हातानं मनगटही धरलं. आवाज आत गेला असेल का?

"परीक्षा हाये पोरीची," ती कानात कुजबुजली. "आवाज गेला का बाद होते."

विमलताई थंडावली. बांगड्या कोपरापर्यंत वर सारून मुकाट्यानं तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली. थोड्या वेळानं रामराव हाक मारायच्या बेतात दिसले, तर बाईनं चप्पल उचलून दाखवली. बिचारे आल्या पावली परतले.

शेवटी आतून दारावर थाप पडली. मथुराबाईनं कडी काढली. रुपाली घामानं भिजली होती, पण पेपर पुरा झाला होता, कोणी अडवलं नव्हतं. ती आईला बिलगली.

"तू इथंच होती ना वं, आई? इतकं सामसूम आपल्या घरात कधीच नसते. मले भेव लागलं."

मथुराबाईनं पदरानं पोरीचा घाम पुसला.

"सवय करून घे, बाई," ती म्हणाली. "तिथं असंच सामसूम राहणार."

विमलताई उंबऱ्यावरून हलली नाही. आता चहा घेतल्याशिवाय जात नाही, म्हणाली. मथुराबाई आत गेली आणि भांडी मुद्दाम आपटत तिनं चहा मांडला.