शेपटीचं वजन

इत्तोने फळीच्या वरच्या टोकाला माकड उभं केलं आणि हळूच बोट काढून घेतलं.

माकड क्षणभर तसंच राहिलं. मग एका कुशीवर कललं, मागचे पाय झुलून पुढे आले, दुसऱ्या कुशीवर कललं, आणि टक-टक, टक-टक करत उतार उतरू लागलं. ना चावी, ना दोरी. फळीच्या शेवटी पोचून ते देवदाराच्या ढलप्यांत नाक खुपसून आडवं झालं, तेव्हा इत्तो अशी ओरडली की समोरचा खाटीक सुरी हातात घेऊनच दारात आला.

"अठरा! काका, सलग अठरा वेळा! एकदाही पडलं नाही!"

"आत्ता पडलं की," हद्दूकाका म्हणाला.

"ते पडणं नाही, ते पोचणं आहे."

"असं होय? मग काल रात्री जिन्यावरून मीसुद्धा पोचलोच म्हणायचं."

खाटीक हसून परत गेला. बाबा मात्र हसले नाहीत. ते माकड उचलून खिडकीशी गेले, त्याच्या पायांमधली खीळ उजेडात धरून पाहिली, अंगठा पोटावरून फिरवला. बासू सुताराचा अंगठा फिरला की लाकडाने श्वास रोखायचा, असं अझ्रू गावाच्या सगळ्या बाजारात म्हणत. इत्तोनेही रोखला.

"कोट घाल," बाबा म्हणाले. "हॉटेलच्या मादामने अकराला बोलावलंय."

एवढंच. पण बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच होतं.

इत्तो सोळा वर्षांची होती. गेल्या हिवाळ्यापर्यंत या कारखान्यात तिचं काम एकच, तयार खेळण्यांना जवसाचं तेल चोळायचं. शाळेतून आली की दाराजवळच्या तिपाईवर बसायचं, चिंधी तेलात बुडवायची आणि दुसऱ्यांनी केलेल्या उंटांना, गाढवांना, बकऱ्यांना चमकवायचं. मग विज्ञानाच्या बाईंनी वर्गात गुरुत्वमध्य शिकवला, आणि इत्तोच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. त्या दिवसापासून तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर माकडंच माकडं. वरच्या जंगलातली आपली माकडं, बुटकी, जाड केसांची, डुलत डुलत चालणारी. दोन महिने झगडल्यावर तिचं माकड पहिलं पाऊल चाललं तेव्हा तिला वाटलं, आता आपण काहीही करू शकतो. बोलूही शकतो. आणि ती बोलली.

"बाबा, खिडकीजवळचं टेबल मला द्या."

ते टेबल उस्साचं, तिच्या मोठ्या भावाचं होतं. तो तांजेरला मोटारींच्या कारखान्यात गेला त्याला तीन वर्षं झाली होती. टेबलावर त्याच्या पटाश्या तशाच मांडलेल्या होत्या. बाबा रोज धूळ झटकत, पण कुणाला बसू देत नसत. हद्दूकाकालाही नाही.

बाबांनी हातातलं गाढव आधी घासून पुरं केलं होतं. मग म्हणाले, "हॉटेलने तुझं माकड घेतलं तर बस."

हद्दूकाकाने तेव्हा भुवया वर नेल्या होत्या, त्या अजून खाली आल्या नव्हत्या.

*

हॉटेल वर होतं, देवदारांच्या रानात, जिथे डिसेंबरपासून बर्फ हटत नाही. काकाची जुनी गाडी प्रत्येक वळणावर कण्हत होती. इत्तो मधे बसली होती आणि मांडीवरच्या खोक्यात तीन माकडं, लोकरीच्या फडक्यात गुंडाळलेली.

"मी सांगेन त्यांना आधी," ती म्हणाली. "मग चालवून दाखवेन. नाही, आधी चालवून दाखवेन, मग सांगेन. की एकदम दोन चालवू? शर्यत!"

"आधी श्वास घे," काका म्हणाला. "मादाम कासाब्लांकाची आहे. तिथली माणसं श्वास घेणाऱ्यांशीच व्यवहार करतात."

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. पण इत्तोला दिसलं, त्यांनी आज नवा पायघोळ जेलाबा घातला होता, ईदचा.

हॉटेलच्या काचेच्या दारावर एक माकड कोरलेलं होतं. लांबलचक शेपटीचं, शेपटीला वर गोल वेटोळं. तेच गालिच्यावर, तेच नोकरांच्या खिशांवर, तेच चहाच्या पेल्यांवर.

"हे कुठलं माकड?" इत्तो कुजबुजली. "आपल्याकडच्या माकडांना शेपूट कुठे असतं?"

"पाहुणं आलं असेल, हिंदुस्तानातून," काका म्हणाला. "हॉटेलच आहे ना. उतरलं असेल."

मादाम सिहाम झपाझप आल्या. उंच, करड्या कोटातल्या, एका हातात फोन. हॉटेलच्या मुलांच्या खोलीसाठी त्यांना साठ खेळणी हवी होती, बर्फाच्या सुटीच्या आत. इत्तो ठरवलेलं भाषण त्यांना पाहताच विसरून गेली. तिने सरळ फळी काढली, एक टोक सोफ्याच्या हातावर टेकवलं, माकड उभं केलं आणि म्हणाली, "बघा."

टक-टक, टक-टक.

दिवाणखान्यातलं बोलणं थांबलं. पिवळ्या टोपीची एक लहान मुलगी आजोबांच्या मांडीवरून घसरली आणि फळीशी येऊन उकिडवी बसली. तिच्या मागोमाग आणखी दोन मुलं आली. माकड डुलत डुलत खाली पोचलं आणि मुलीने टाळ्या वाजवल्या. मादाम सिहाम यांनी फोन चक्क खिशात टाकला.

"पुन्हा!" त्या म्हणाल्या. "चावी कुठे आहे?"

"नाहीच! वजनावर चालतं. याचा गुरुत्वमध्य इथे आहे, पोटात, आणि उतारावर तो..." इत्तोचे हात बोलण्याच्या पुढे धावत होते. "मी केलंय. म्हणजे बाबांनी हत्यारं दिली, पण माकड माझं आहे."

"कमाल आहे पोरी तुझी." मादामनी माकड उचललं, मागेपुढे फिरवलं. मग त्या थांबल्या. "याचं शेपूट मोडलं वाटतं?"

"मोडलं नाही. नसतंच. आपल्या माकडांना नसतं."

"अगं, ते मला माहीत आहे. पण हे बघ." त्यांनी दाराकडे बोट केलं, मग गालिच्याकडे. "इथे येणारे शहरातून येतात. प्रत्येक जण म्हणेल, तुटकं खेळणं दिलं. शेपूट लाव. असंच, वर वेटोळं. मग साठच्या साठ आजच पक्की."

"पण ते खोटं होईल!"

"इत्तो," काका घाईने म्हणाला. "शेपूटच तर आहे. मादाम, हो म्हणून धरा. मी लावतो शेपट्या. एका दिवसात साठ! हवं तर दोन-दोन लावतो."

मुलं हसली. इत्तोचे कान तापले.

"तुम्ही लावा," ती म्हणाली. तिने नजर खाली केली नाही. "मग ते माकड तुमचं. माझं नाही ते. आणि टेबलही नको मला."

मादामना टेबलाचं काही कळलं नाही. त्यांनी बाबांकडे पाहिलं. "उस्ताद, तुम्ही सांगा. होईल ना?"

बाबा पुढे आले. इत्तोकडे न पाहता त्यांनी जेलाब्याच्या खिशातून चाकू काढला, छोटं गिरमिट काढलं, देवदाराची एक चिपाटी काढली. इत्तो पाहतच राहिली. म्हणजे येतानाच घेऊन आले होते!

"एक मिनिट द्या मादाम," ते म्हणाले, आणि सोफ्याच्या कडेला बसून शेपूट तासू लागले.

हातरुमाल गुडघ्यावर पसरलेला, ढलपी त्यातच पडत होती. त्यांनी इत्तोच्या माकडाला मागे भोक पाडलं, तेव्हा तिने ओठ दाताखाली धरला. शेपूट सुबक होतं, थेट दारावरच्यासारखं. बाबांनी ते भोकात बसवलं, माकड फळीवर ठेवलं आणि बोट काढलं.

माकड एक पाऊल चाललं आणि मागच्या मागे बसलं.

"आ..." मुलं म्हणाली.

"जड झालं," बाबा म्हणाले. त्यांनी शेपूट काढून बारीक केलं. पुन्हा ठेवलं. माकड दोन पावलं चाललं आणि पुन्हा बसकण मारली.

इत्तो मुठी आवळून उभी होती. पडू दे, ती मनात म्हणत होती, या अल्ला, पडू दे. आणि ते पडत होतं. तिसऱ्यांदा बाबांनी नवीन शेपूट केलं, आखूड. ते लावल्यावर माकड जागचं हललंच नाही. चौथ्यांदा कललं आणि फळीवरून खाली आलं. बाबांच्या कपाळावर घाम होता. हद्दूकाका आधी हसत होता, आता खजील होऊन छताकडे पाहत होता. तीस वर्षं ज्याच्या हातचा उंट कधी डगमगला नाही, तो बासू चार लोकांत एका माकडापुढे हरत होता.

"नाही जमत, मादाम," बाबा म्हणाले. "माझं वय झालं. शेपूट लावलं की चालत नाही. न चालणारं हवं असेल तर शेपटीचं देतो."

पिवळ्या टोपीची मुलगी रडवेली झाली होती. "त्याला चालू द्या ना," ती म्हणाली. तिने स्वतःच शेपूट उपटलं आणि माकड फळीवर ठेवलं.

टक-टक, टक-टक.

मादाम सिहाम यांनी मुलीकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला.

"चालणारंच हवं," त्या म्हणाल्या. "असू दे बिनशेपटीचं. कुणी विचारलंच तर सांगेन, खऱ्या माकडांना नसतंच, शहरातल्यांना काय ठाऊक!" आणि जणू ही गोष्ट त्यांचीच होती अशा थाटात त्यांनी चहा मागवला.

*

डोंगर उतरताना गाडीत इत्तो गात होती. काकानेही दोन ओळी म्हटल्या, मग न राहवून म्हणाला, "पण बासू, तुझा हात असा कधी पाहिला नव्हता रे. चष्मा लाव आता."

"लावतो," बाबा म्हणाले.

इत्तोचं गाणं मधेच थोडं मंदावलं. तिने बाबांच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवर शांत पडले होते. मग पुढचं वळण आलं, खाली अझ्रूची हिरवी कौलं दिसली आणि तिला पुन्हा गाणं आठवलं.

कारखान्यात पोचताच काका पाव आणायला गेला. बाबांनी शेगडी पेटवली, आपल्या जागी बसले आणि एका अर्धवट गाढवाला कानस लावली. टेबलाकडे त्यांनी नुसती हनुवटी केली.

इत्तो बसली. खुर्ची थोडी उंच होती. उस्साच्या पटाश्या तिने एका बाजूला ओळीने सरकवल्या, फेकल्या नाहीत. खिडकीतून दुपारचा उजेड थेट हातांवर येत होता. ती एकटीच हसली, दोन्ही तळवे टेबलावर दाबून पाहिले, मग खोक्यातून ते भोक पडलेलं माकड काढलं. भोक बुजवायचं होतं. फडक्यात बाबांच्या हातरुमालाची पुरचुंडीही आली होती. आत ढलपी आणि दोन शेपट्या.

तिने सहज आखूड शेपूट भोकात बसवलं. माकड मागे कललं. साहजिकच होतं, मागे वजन वाढलं, म्हणजे पुढून जरा खाली उतरवलं की...

तिचा हात थांबला.

मग तिने कानस उचलली आणि माकडाच्या पुढच्या पायांच्या बोटांवर दोन हात मारले. फक्त दोन. फळी टेबलाला टेकवली, माकड ठेवलं, बोट काढलं.

टक-टक, टक-टक, टक-टक. शेपूट उंच, डौलात, माकड थेट खालपर्यंत गेलं.

इत्तो फळीच्या टोकाकडे पाहत राहिली. हे तर कुणीही केलं असतं. कारखान्यात आलेल्या नव्या माणसानेही आधी पायच पाहिले असते. आणि बाबांनी तासभर फक्त शेपट्या तासल्या. पायांना कानस एकदाही लावली नाही.

मागे कानशीचा आवाज बंद झाला होता.

बाबा उठून आले. त्यांनी माकड उचललं, पायांची बोटं अंगठ्याने चाचपली आणि किंचित मान हलवली, चांगल्या कामाला हलवत तशी. मग शेपूट मुळाशी धरून काढलं, दुसरंही उचललं, आणि दोन्ही शेगडीत टाकून आपल्या जागी जाऊन बसले.

देवदाराचा वास खोलीभर पसरला. दार उघडून काका आत आला, काखेत गरम पाव.

"काय जाळताय एवढं सुगंधी?"

"ढलपी," बाबा म्हणाले, आणि गाढवाचा कान घासू लागले.

इत्तोने पटकन टेबलावर मान खाली घातली. हसू दाबायला तोंडावर हात धरला, पण खांदे काही केल्या तिचं ऐकत नव्हते.