चहाडखोर आणि डावी दाढ

भाऊजींनी मला नोकरी दिली, ती ताईने तीन महिने त्यांचं डोकं खाल्लं म्हणून. माझ्याकडे पदवी नाही. प्रोग्रॅमिंग मी जुन्या लॅपटॉपवर शिव्या घालत शिकले. हे ते दर सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवतात, शिव्यांचा भाग सोडून.

आम्ही दातांच्या डॉक्टरांसाठी सॉफ्टवेअर करतो. आमच्या सर्व्हरवरून दवाखान्याच्या स्क्रीनवर माहिती जाते ती ठरलेल्या रकान्यांत: पेशंट, दाढ, बाजू, काम. एक रकाना कुणी गुपचूप बदलला की तिकडे गोंधळ. कोड बदलला तर तो आधी दुसऱ्याने वाचायचा, असा नियम आहे. वाचतं कोण? 'मंजूर' दाबायचं आणि मोकळं व्हायचं.

म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला. कोड तपासायला आला की तो रकाने पडताळतो आणि काय बदललं, कुणाचं वाटोळं होणार, हे आपणहून खाली लिहितो. सगळ्यांनी त्याचं नाव ठेवलं चहाडखोर.

आज दुपारी त्याने खुद्द भाऊजींची चहाडी केली. 'बाजू हा रकाना काढला आहे. बाजू आली नाही, तर दवाखान्याची स्क्रीन उजवी धरते.'

"दाढांना नवे नंबर दिलेत मी," भाऊजी म्हणाले. "नंबरातच बाजू आली. वेगळा रकाना कशाला पाहिजे?"

"ते नंबर दवाखान्याच्या सॉफ्टवेअरला कळतात?"

"कळतील हळूहळू."

"उपटलेली दाढ हळूहळू परत येत नाही, भाऊजी."

"संध्याकाळपर्यंत तुझा तो चहाडखोर बंद पाहिजे. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस. ताईला काय सांगायचं ते मी बघतो."

हे सगळं गाल धरून. त्यांची डावी दाढ चार दिवस ठणकत होती आणि चारची वेळ घेतली होती, आमच्याच एका गिऱ्हाइकाकडे. स्वतःचा बदल त्यांनी स्वतःच मंजूर केला, चार सेकंदांत, आणि उठले. तो मागे घ्यायचा अधिकारही त्यांचाच.

"डॉक्टरांना डावी म्हणून सांगा," म्हणत मी दारापर्यंत गेले.

"मला शिकवू नकोस."

सव्वाचारला ताईचा फोन. ती सोबत गेली होती. भाऊजी सुईला घाबरतात, हे ऑफिसात फक्त मला माहीत.

"अगं, हे नुसते हातवारे करतायत. तोंडात कापूस कोंबलाय. सुई टोचेपर्यंत डोळे घट्ट मिटून होते."

"कुठल्या बाजूला टोचली?"

"उजव्या. डॉक्टर म्हणतात, स्क्रीनवर उजवीच आहे. पक्कड घेतलीय हातात."

"खाली ठेवायला सांग. दाढ डावी आहे."

पलीकडे कुजबुज झाली. ताटलीत काहीतरी खणकन पडलं.

"ठेवली. आता डावीकडे टोचणार म्हणतात. यांचा चेहरा बघवत नाहीये गं."

"फोन स्पीकरवर टाक. भाऊजी, संध्याकाळ होत आली. चहाडखोर बंद करू की राहू दे? राहू दे असेल तर मान हलवा."

पलीकडे खुर्ची करकरली.

"हलवतायत," ताई म्हणाली. "डॉक्टर ओरडतायत, हलवू नका म्हणून."

"आणि मी उद्या येऊ का, विचार."

"अगं, यांची मान अजून थांबलीच नाही. ठेव आता फोन."