फुटणारे बुडबुडे

अंकिताचा मुका घेतला की तिचं कपाळ खारट लागायचं. पोरीला सारखा खोकला, म्हणून आधी सगळ्यांनी दमाच धरला होता. पुण्यात तिचा घाम तपासला तेव्हा खरं कळलं. मिठातलं क्लोराइड तिच्या पेशींना नीट आत-बाहेर नेता येत नव्हतं, आणि त्यामुळे छातीत चिकट कफ साचत होता.

तिची मावशी सुलक्षणा तेव्हा कुरकुंभला औषध कंपनीत नमुने तपासायची. तिनं नोकरी सोडली आणि पेशींच्या पडद्यातून क्लोराइड वाहून नेणारा रेणू शोधायला पुण्यात पीएचडीला प्रवेश घेतला.

लिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचे, डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे पाण्यात तयार करायचे. त्यांच्या आत चमकणारा रंग कोंडायचा, बाहेर मीठ घालायचं आणि मग स्वतः बनवलेला रेणू सोडायचा. त्या रेणूनं क्लोराइडला पडद्यातून आत नेलं, तर रंगाची चमक मंदावते. कितीतरी रेणू निकामी निघाले. एका दुपारी मात्र चमक दाखवणारी संगणकावरची रेषा धाडकन खाली आली. सुलक्षणानं त्याच आनंदात ताईला फोन केला. तिची थोरली बहीण ऋतिका, अंकिताची आई, तळेगाव ढमढेऱ्याला दिलेली. ही बातमी तिथून वरवंडला माहेरी पोचली ती 'सुलीनं औषध शोधलं' अशी होऊन.

हा रेणू एका वैज्ञानिक परिषदेत मांडायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात सुलक्षणाच्या मनात शंका शिरली. क्लोराइडची ने-आण करणारा रेणू एवढ्या झटक्यात काम कसा उरकेल?

"मॅडम, बुडबुडेच फुटत असतील तर? रंग बाहेर येऊन मिठात मिसळला तरी चमक अशीच जाणार."

पीएचडीच्या मार्गदर्शक कानिटकर मॅडमनी ती रेषा पुन्हा पाहिली. "तसं निघालं तर परिषद हातची जाईल, सुलक्षणा."

"जाऊ दे. पण मला बघायचंय."

तिनं नव्या बुडबुड्यांत दुसरा रंग भरला. हा आत दाटीनं असेपर्यंत मंद असतो आणि बाहेर सांडला की उजळतो. रेणू टाकताच सगळं उजळलं. तो काही वाहून नेत नव्हता, साबणासारखा पडदाच फाडत होता. अंकिताच्या छातीत असलं काही गेलं असतं तर? सुलक्षणानं स्वतःच परिषदेतलं नाव मागं घेतलं.

रविवारी ती एसटीनं तळेगावला गेली. वडील सोपानरावही वरवंडहून आले होते. ऋतिका अंकिताला पालथं झोपवून पाठीवर थापट्या मारत होती, कफ सुटावा म्हणून.

"ताई, ते चुकलं. औषध न्हाई ते," सुलक्षणा म्हणाली.

ऋतिकाचा हात थांबला. "मी साऱ्या घराला सांगितलंय. आन् तू आता म्हंती न्हाई?"

"मीच घाई केली फोनची."

"आगं, कंपनीत ऱ्हायली असतीस तर बरं झालं असतं!" ऋतिका रडायला लागली.

"रुते, खोटं सांगून ती गप बसली असती, तर चाललं असतं का तुला?" सोपानराव म्हणाले. मग सुलक्षणाकडं वळले. "आता काय करणार तू?"

"रेणूच्या शेपट्या लांब हायेत, आबा. त्या पडद्यात घुसून फाडत्यात. तोडून आखूड करते."

"जमंल?"

"ठाऊक न्हाई. पण सोडणार न्हाई."

ऋतिकानं डोळे पुसले. जेवायला वाढताना तिनं सुलक्षणाच्या भाकरीवर तूप घातलं.

शेपट्या आखूड केल्यावर रेणू पडद्यात शिरेना. शिरला तो क्लोराइडला धरेना. उन्हाळा गेला, शेवंतीचा हंगाम आला. शेवटी एका रेणूची रेषा उतरली, पण हळूहळू, जिना उतरावा तशी. दुसऱ्या रंगाचा बुडबुडा मंदच राहिला. पडदा शाबूत होता. सुलक्षणानं ताजे बुडबुडे करून पुन्हा पाहिलं, मग मॅडमनी स्वतः करून पाहिलं. तेच.

या वेळी ती फोनवर जपून बोलली. "ताई, न फोडता आत जातंय. पण हे नुसते बुडबुडे हायेत. माणसापत्तोर लय लांब हाय."

"व्हय, कळलं मला," ऋतिका म्हणाली. "कर तू. अंकी शाळंत गेलीया आज."

खऱ्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिथं हाच रेणू अडखळेल अशी मॅडमना भीती होती. सुलक्षणानं फोन ठेवला आणि नव्या बुडबुड्यांच्या लिपिडमध्ये घालायला कोलेस्टेरॉल वजनकाट्यावर घेतलं.