सीलबंद वस्तूंची यादी

अमेरिकेतल्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात अध्यक्ष आले नि गेले, पण जेवणाची यादी अकरा वर्षं रत्नाच्याच हातात होती. दोनशे माणसांच्या जेवणात कोणी काय करून आणायचं, हे ती ठरवायची आणि पुढे कोणी हूं की चूं करत नसे. तिच्या यादीत मीठ कधी विसरलं नाही, भात कधी कमी पडला नाही. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

म्हणून तिच्या लेकीनं, सोळा वर्षांच्या उर्वीनं, "आई, तुझ्या सगळ्या जुन्या लिस्ट्स मला शेअर कर ना, हिस्टरीच्या असाइनमेंटला हव्यात," असं म्हटलं तेव्हा रत्ना हरखून गेली. आपली पुरणपोळी अमेरिकन शाळेच्या इतिहासात जाणार! विषय कोणता, हे विचारायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

विषय होता वंशसंहार. त्याची सुरुवात कुठून होते, हे आपल्या आसपास शोधायचं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मायलेकी डायनिंग टेबलाशी बसल्या होत्या. रविवारी मंडळाचा पाडवा होता आणि यंदाच्या कार्यक्रमाचा विषय होता 'आपले समाजसुधारक'. उर्वी सावित्रीबाई होणार होती. भाषण अर्थात रत्नानं लिहिलेलं. वाचता वाचता पोरगी एका ओळीवर अडली: 'आमच्या घरचा हौद आम्ही सर्वांसाठी खुला केला.'

"आई, केदारकाका आणि स्वानंदीमावशी दर वर्षी काय आणतात?"

"पेपर प्लेट्स. गुणी आहेत बिचारे, कधी तक्रार नाही."

उर्वीनं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. त्या दोघांच्या नावापुढच्या नऊ वर्षांच्या ओळी तिनं पिवळ्या करून ठेवल्या होत्या. पेपर प्लेट्स. पाण्याच्या बाटल्या. बर्फाच्या पिशव्या. चिप्स. पुन्हा पाण्याच्या बाटल्या.

"एव्हरीथिंग इज सील्ड, आई. सगळं फॅक्टरीतून पॅक होऊन आलेलं. त्यांच्या हातचं एकदाही काही नाही."

"अगं, दोघांचे जॉब्स आहेत, त्यांना वेळ कुठे असतो!"

"तू कधी विचारलंस?"

रत्नाला नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवला. नागपूरहून आलेलं हे नवं जोडपं हॉलच्या दारात उभं होतं. तिनं हसून आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, आणि तेवढ्यानंही समाधान होईना म्हणून 'तुमच्यात लग्न कसं लागतं' हेही विचारून घेतलं. मग यादीत प्लेट्स लिहिल्या. ना बैठक झाली, ना ठराव. हातानं आपोआप लिहिलं, आणि डोक्यानं नऊ वर्षं हाताला जाब विचारला नाही.

माणूस चुकीत पकडला गेला की जसा चिडतो तशी ती चिडली. "म्हणजे मी काय खुनी आहे? सांग तुझ्या सरांना, आमच्यात कोणी कोणाला मारत नाही!" बोलता बोलताच तिला कळलं, की हेही धड खरं नाही.

"मी तसं म्हणतच नाहीये," उर्वी हळूच म्हणाली. "सर म्हणतात, शेवट सगळ्यांना दिसतो. सुरुवात दिसत नाही, कारण ती नाइस लोक करतात. कोणीतरी नीटनेटकी लिस्ट बनवतं, हे आपले आणि हे ते. पण थांबवणं तेव्हाच सोपं असतं." तिनं भाषणाचा कागद आईसमोर ठेवला. "मी संडेला सावित्रीबाई नाही होणार. आय कान्ट से दॅट लाइन."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण रत्नानं आजवर दुसऱ्यांसाठी शंभरदा वापरली असेल. मंडळ काय म्हणेल, याची तिला फिकीर वाटली नाही. पण लेकीच्या नजरेतून आपण उतरलो, हे तिला सोसवेना.

शुक्रवारी दुपारी तिनं लॅपटॉप उघडला आणि स्वानंदीच्या नावापुढे 'पुरणपोळी' टाइप केलं. मग खोडलं. हाही पुन्हा हुकूमच झाला. तिनं फोन लावला. 'कोणीतरी कॅन्सल केलंय, तू करशील का?' असं सोयीचं खोटं अगदी जिभेवर आलं होतं.

"स्वानंदी, नऊ वर्षं मी तुला फक्त सीलबंद वस्तू आणायला लावल्या," ती म्हणाली. "मुद्दाम नव्हतं असं सांगणार होते. पण मुद्दामच होतं. माझं चुकलं."

"मला माहीत होतं, ताई," स्वानंदी म्हणाली. "पहिल्या वर्षी मी मोठं पातेलं भरून तळलेल्या डाळीच्या वड्यांचा आमचा नागपुरी वडाभात आणला होता. दारात तुम्हाला यादीत प्लेट्स लिहिताना पाहिलं आणि तो डिकीतून काढलाच नाही. प्लेट्स घ्यायला केदारला दुकानात पिटाळलं. तीन दिवस घरीच खाल्ला आम्ही."

रत्नाचे डोळे भरून आले. आपण काय केलं होतं, हे तिला त्या पातेल्यानं कळलं.

"करीन मी वडाभात," स्वानंदी पुढे म्हणाली. "पण दोनशे लोकांचा एकटीनं नाही होणार. उद्या माझ्याकडे या. आधी जेवू, मग कामाला लागू. की शनिवारी तुमचा उपास असतो?"

नऊ वर्षांत स्वानंदीच्या घरचं प्रत्येक आमंत्रण नेमकं रत्नाच्या उपासाच्या दिवशी आलं होतं.

"नसतो," रत्ना म्हणाली. "कधीच नव्हता."

शनिवारी उर्वीही सोबत आली. कोणी तिला बोलावलं नव्हतं. आई खरंच जेवते का, हे तिला पाहायचं होतं. स्वानंदीनं नळाचं पाणी पेल्यात भरून पुढे केलं. रत्नानं ते घटाघटा संपवलं आणि आणखी मागितलं. मग ती पोटभर जेवली, भातावर दोनदा फोडणीचं तेल घेतलं, आणि कमरेला पदर खोचून ओट्याशी उभी राहिली.

उर्वीनं खिशातून भाषणाचा घडी घातलेला कागद काढला. "मावशी, तुम्हाला एकदा म्हणून दाखवू?"

"दाखव की."

हौदाच्या ओळीशी ती या वेळी अडली नाही. स्वानंदी डाळीच्या पिठात हात तसाच ठेवून ऐकत राहिली. भाषण संपल्यावर तिनं मनगटानं डोळे पुसले.

"तेल तापलंय, ताई," ती म्हणाली. "वडे सोडा."